शाळेतले बेंच, डेस्क आणि खुर्च्या: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मुलांची मापं घेणं आणि त्याप्रमाणे वर्गातलं फर्निचर बसवून देणं हे काम मी करते, त्यामुळे पालक, शिक्षक, मुख्याध्यापक, फर्निचर बनवणारे असे सगळेच प्रश्न पाठवत असतात. बरेचसे तेच ते असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलेत. आधी सोपे आहेत, पुढे पुढे अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

1. अर्गोनॉमिक अर्गोनॉमिक म्हणतात ते नक्की काय असतं? महागातली खुर्ची का?

नाही. वस्तू माणसाच्या मापाची करायची, माणसाला वस्तूच्या मापात कोंबायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. साधी प्लायवुडची, गादी नसलेली, चार पायांची खुर्ची सुद्धा अर्गोनॉमिक असू शकते, जर ती त्या मुलाच्या मापाची असेल तर. आणि तीच खुर्ची शेजारच्या बुटक्या मुलीला दिली की ती अर्गोनॉमिक राहिली नाही. म्हणजे हा गुण एकट्या खुर्चीचा नसतोच, खुर्ची आणि मूल या जोडीचा असतो. कॅटलॉगमध्ये हा शब्द छापलेला दिसला तर पहिला प्रश्न हाच विचारा की किती उंचीच्या मुलासाठी? उत्तर सेंटीमीटरमध्ये आलं नाही तर तो शब्द नुसताच छापलाय असं समजा.

2. माझ्या मुलाला वर्गातला बेंच बरोबर आहे की नाही हे पटकन कसं ओळखायचं?

दोन मिनिटं लागतात, टेप पण लागत नाही. मुलाला रोजचे बूट घालून पूर्ण मागे सरकून बसायला सांगा आणि खालून वर बघत जा. पाऊल टाचेसकट जमिनीवर टेकलंय का? गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं जातात का? मांडी डेस्कच्या खालच्या फळीला घासत नाही ना? हात सैल सोडून कोपरात वाकवला तर कोपर डेस्कच्या पृष्ठभागाच्या जवळपास, म्हणजे किंचित खाली येतंय का? आणि शेवटी, पाठ मागच्या फळीला टेकलेली असताना वही हाताला येते का?

हा क्रम खालून वर असाच ठेवा. बहुतेक लोक पाठीकडे बघून सुरुवात करतात आणि पोक काढून बसलाय म्हणून मुलाला ओरडतात, पण पोक येतं ते बहुतेक वेळा खालून येतं. पाय लोंबकळत असले की मूल पाय टेकवायला सीटच्या पुढच्या कडेवर सरकतं, तिथे पाठीला टेकायला काहीच उरत नाही, मग ते डेस्कवर कोपरं टाकून लोंबतं. मूळ दुखणं खुर्चीच्या उंचीत असतं आणि बोलणी पाठीला बसतात.

3. खुर्चीची उंची किती पाहिजे? कुठलं माप घ्यायचं?

जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंतचं माप. मूल बसलेलं, गुडघा काटकोनात, बूट घातलेले. सीटची उंची या मापापेक्षा थोडी कमी पाहिजे, दोनेक सेंटीमीटर कमी असली तर छान. अभ्यासांमध्ये बऱ्याचदा 88 ते 95 टक्के अशी हद्द धरतात. सीट यापेक्षा उंच झाली तर पुढची कड मांडीच्या खालच्या बाजूला दाबते आणि पाय जड होतात, मुंग्या येतात. फार बुटकी झाली तर गुडघे वर येतात, कंबर मागे गोल होते आणि उठताना डेस्कला धरून उठावं लागतं.

बुटाचं विसरू नका हं. मी सुरुवातीला एका अख्ख्या वर्गाची मापं अनवाणी घेतली होती आणि सगळ्या खुर्च्या दोन-अडीच सेंटीमीटर बुटक्या निघाल्या, पुन्हा सगळं करायला लागलं.

दोन्हीतलं एक निवडायची वेळ आली तर थोडी बुटकी घ्या. पाय टेकलेले मूल पाय पुढे पसरून जुळवून घेऊ शकतं, लोंबकळणाऱ्या पायांना काहीच करता येत नाही.

4. आणि डेस्कची?

डेस्क जमिनीपासून मोजू नका, सीटपासून मोजा. बसल्यावर सीटपासून कोपरापर्यंत जे अंतर येतं त्यापेक्षा डेस्क तीन ते पाच सेंटीमीटर वर चालतो, कारण लिहिताना हात थोडा पुढे आणि बाजूला जातो. डेस्क जास्त उंच असेल तर खांदे कानाकडे चढतात आणि मूल एक कोपर वर टाकून वाकडं बसतं. जास्त खाली असेल तर मान आणि पाठ दोन्ही वाकतात.

डेस्कखालच्या कप्प्याचं मात्र कोणीच बघत नाही. पृष्ठभागाची उंची बरोबर असते, पण खाली दहा-बारा सेंटीमीटरचा दप्तर ठेवायचा कप्पा लावलेला असतो आणि मांडीला जागाच उरत नाही. मग मूल तिरकं बसतं. मांडीच्या वर निदान दोन सेंटीमीटर मोकळे पाहिजेत. कप्पा पाहिजेच असेल तर बाजूला लावा, किंवा दप्तर अडकवायला डेस्कच्या बाजूला हूक द्या.

5. इयत्तेप्रमाणे किंवा वयाप्रमाणे साईजचा तक्ता मिळेल का?

इयत्तेप्रमाणे नाही देणार, कारण तिथेच सगळी गडबड होते (प्रश्न 6 बघा). उंचीप्रमाणे देते. युरोपात ईएन 1729 नावाचं शालेय टेबल-खुर्च्यांचं मानक आहे, त्याच्या पहिल्या भागात मापं आहेत आणि दुसऱ्या भागात मजबुती आणि सुरक्षितता. त्यात 0 ते 7 असे आठ साईज आहेत आणि प्रत्येकाला एक रंग दिलाय, रंग बघून कुठलं टेबल कुठल्या खुर्चीचं ते लहान मुलाला सुद्धा कळतं. शाळेत लागणारे मुख्य साईज असे:

जांभळा (2): उंची साधारण 108 ते 121 सेंमी, सीट 31, टेबल 53
पिवळा (3): 119 ते 142, सीट 35, टेबल 59
लाल (4): 133 ते 159, सीट 38, टेबल 64
हिरवा (5): 146 ते 176, सीट 43, टेबल 71
निळा (6): 159 ते 188, सीट 46, टेबल 76

त्याखाली पांढरा आणि केशरी अगदी छोट्यांसाठी, आणि वर तपकिरी (7) फार उंच मुलांसाठी, सीट 51 आणि टेबल 82.

उंचीचे आकडे एकमेकांवर चढलेले दिसतील, ती चूक नाहीये. 150 सेंमी उंचीच्या दोन मुलांमध्ये एकाचे पाय लांब आणि धड आखूड, दुसऱ्याचं उलट असू शकतं, म्हणून एकाला लाल बसेल आणि दुसऱ्याला हिरवा. तक्ता नुसता जवळपास पोचवतो, शेवटचा निर्णय गुडघ्यामागच्या मापावर घ्यायचा. आणि सीट-टेबलमधला फरक बघा, पिवळ्यात 24, लालमध्ये 26, हिरव्यात 28, निळ्यात 30. लाल खुर्ची निळ्या टेबलाला लावली की फरक थेट 38 होतो, म्हणजे टेबल जवळजवळ छातीशी. वर्ग झाडताना खुर्च्यांची अदलाबदल होऊन हे सर्रास घडतं, म्हणून रंगाचा ठिपका दोन्हीवर लावाच.

6. एका वर्गातली मुलं एकाच वयाची असतात, मग एकच साईज का चालत नाही?

कारण वय एक असलं तरी वाढ एका वेळी होत नाही. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण 12 च्या आसपास, मुलांची 14 च्या आसपास, आणि त्या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटर वाढ होणं सामान्य आहे. त्यामुळे 12-13 वर्षांच्या वर्गात सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच मुलात 30 सेंमीचा फरक सहज निघतो. वरच्या तक्त्यात 30 सेंमी म्हणजे दोन-तीन साईज.

1999 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या मिशिगनमधला एक अभ्यास आहे, 74 विद्यार्थ्यांची मापं घेतली, सहावी ते आठवीची मुलं, आणि तिथल्या खुर्च्या-डेस्कांशी ताडून बघितली. योग्य जोडी मिळू शकेल अशी मुलं 20 टक्क्यांपेक्षा कमी निघाली. बाकीची जुळवून घेत होती. मुलं तक्रार करत नाहीत हो, त्यांना वाटतं बसणं म्हणजे असंच असतं.

व्यवहारात काय करायचं तर प्रत्येक वर्गात शेजारशेजारचे दोन किंवा तीन साईज ठेवा. वर्षातून दोनदा सगळ्यांची उंची घ्या आणि जागा बदला. नवीन खरेदी करायचीच नसेल तरी वर्गावर्गात फर्निचरची अदलाबदल करून बरीच मुलं बरोबर बसवता येतात.

7. मूल वाढतंयच, तर एक साईज मोठा घेतला तर काय बिघडलं? कपडे घेतोच की वाढत्या अंगाचे.

कपड्याची बाही दुमडता येते, खुर्चीचे पाय दुमडता येत नाहीत. जोपर्यंत मूल त्या मापाला पोचत नाही तोपर्यंत, म्हणजे कदाचित दोन वर्षं, ते लोंबकळत्या पायांनी बसणार, आणि पोचल्यावर लगेच पुढे निघून जाणार. घेतलाच मोठा साईज, तर सोबत पायाखाली फळी पाहिजे (प्रश्न 14).

8. सीट किती खोल पाहिजे?

बसल्यावर पार्श्वभागाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंत जे माप येतं त्याच्या 80 ते 95 टक्के. जास्त खोल असली तर कड पोटरीला लागते म्हणून मूल पुढे सरकतं आणि पाठीची फळी वाया जाते. पुढची कड गोलाकार, खाली उतरलेली असावी, ही फुकटात होणारी सुधारणा आहे, सुताराला सांगितलं की रंध्याने काढून देतो.

9. पाठीची फळी कशी असावी?

कंबरेच्या वरच्या भागाला आधार देणारी, आणि खाली सीटलगत थोडी मोकळी जागा सोडलेली, म्हणजे मागचा भाग तिथे जातो आणि कंबर खरंच टेकते. सरळ उभी सपाट फळी असली तर मुलं टेकतच नाहीत. फार उंच फळीची लहान मुलांना गरज नसते, खांद्याच्या पात्यांची हालचाल अडते.

10. गुडघे, कंबर, कोपर सगळं 90 अंशात, असं चित्र सगळीकडे असतं. ते बरोबर आहे का?

मापं घ्यायला ते चित्र सोयीचं आहे. दिवसभर तसंच बसायचं असा त्याचा अर्थ कोणी काढत असेल तर चूक आहे.

आपण 90 अंशात बसतो तेव्हा ते सगळे 90 अंश खुब्यातून येत नाहीत. साधारण 60 खुब्यातून आणि उरलेले 30 कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊन येतात. कीगन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1953 मध्ये माणसांना कुशीवर झोपवून वेगवेगळ्या स्थितीत कमरेचे एक्स-रे काढले, त्यात मांडी आणि धड यांच्यात 135 अंशांच्या आसपास कोन असताना कंबर सगळ्यात सैल दिसली. पुढे डेन्मार्कचे सर्जन मंडाल यांनी हाच धागा शाळेच्या बाकापर्यंत आणला. त्यांचं म्हणणं होतं की मुलं लिहिताना पुढे झुकतातच, तर सीटच पुढे उतरती करा आणि फर्निचर उंच करा, सीट मुलाच्या उंचीच्या एक तृतीयांश आणि टेबल निम्म्याइतकं.

मला त्यांचं निरीक्षण पटतं, पण सगळ्या वर्गाला उतरत्या सीट द्या असं मी सांगत नाही, कारण मूल पुढे घसरतं, पायांवर भार येतो, आणि ऐकायच्या तासाला मागे टेकायचं असतं तेव्हा ती सीट नकोशी होते. पुढे-मागे थोडी डुलणारी सीट मिळाली तर उत्तम, नाहीतर सपाट सीट आणि तिरका डेस्क.

11. डेस्क सपाट की उतरता?

वाचायला आणि लिहायला उतरता. पुस्तक डोळ्यांकडे वर येतं आणि मान कमी वाकते. 10 ते 15 अंश पुरतात, त्याहून जास्त केलं की पेन्सिली खाली येतात आणि वही घसरते, म्हणून खालच्या कडेला पट्टी लावा. चित्रकला, प्रयोग, गटात बसून काम यासाठी सपाटच बरा. दोन्ही पाहिजे असेल तर सपाट डेस्कवर ठेवायची उतरती फळी सगळ्यात सोपी.

12. आमच्या शाळेत डेस्क आणि सीट जोडलेले बेंच आहेत. ते वाईट असतात का?

जोडलेले आहेत म्हणून वाईट नाही, अंतर चुकलेलं असतं म्हणून त्रास होतो. या एका गोष्टीवर डॉक्टरांनी दीडशे वर्षांपूर्वी काम करून ठेवलंय. झुरिकच्या फार्नर नावाच्या डॉक्टरने 1865 मध्ये मुलं आणि शाळेचं टेबल यावर लिहिलं. ब्रेस्लाऊचे (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ शहर) नेत्रतज्ज्ञ हर्मन कोन यांनी 1867 मध्ये 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासल्याचं प्रसिद्ध केलं, वरच्या वर्गात लांबचं अंधुक दिसणारी मुलं वाढत जातात असं त्यांना दिसलं आणि त्यांनी अंधारे वर्ग आणि चुकीचे बाक यांना दोष दिला. (आज आपल्याला कळलंय की उघड्यावर उजेडात घालवलेला वेळ यात फार महत्त्वाचा आहे, नुसता बाक बदलून चष्मा टळत नाही.) मग 1870 च्या सुमारास रशियात एरिस्मान नावाच्या डॉक्टरांनी आपला प्रसिद्ध तिरका बाक मांडला.

त्या लोकांनी मोजलेलं मुख्य अंतर म्हणजे डेस्कची मुलाकडची कड आणि सीटची पुढची कड यांच्यातलं आडवं अंतर. सीटची कड डेस्कच्या खाली तीन ते पाच सेंटीमीटर गेलेली असली तर मूल पाठ टेकून लिहू शकतं. मध्ये मोकळी फट राहिली तर दर ओळीला पुढे वाकावं लागतं. आजही कितीतरी जोडबेंचांना ही फट असते, कारण मुलांना आत शिरायला आणि उभं राहायला सोपं जावं म्हणून ती मुद्दाम ठेवतात. सीट किंवा डेस्कची फळी बिजागरीवर उचलता आली की दोन्ही साधतं. ते शक्य नसेल तर पाठीला एक जाडसर फळी लावून मुलाला पुढे आणा.

माझी पसंती तरीही सुट्या खुर्चीला. 1907 मध्ये रोममध्ये शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी आपल्या छोट्या मुलांच्या शाळेत मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या आणल्या, खिळवून ठेवलेल्या बाकांना त्यांचा ठाम विरोध होता, आणि मला वाटतं ते अगदी बरोबर होतं.

13. मुलगा सारखा चुळबुळ करतो, ताठ बस म्हणून किती वेळा सांगू?

सांगू नका. चुळबुळ हा शरीराचा स्वतःचा उपाय आहे, एकाच जागी भार राहिला की रक्तपुरवठा आणि स्नायू दोन्ही तक्रार करतात म्हणून मूल हलतं. ताठ बस म्हटलं की अर्धा मिनिट ताठ बसतं आणि मग परत तसंच. आधी प्रश्न 2 ची तपासणी करा. माप बरोबर असूनही हलत असेल तर हलू द्या, आणि 20-30 मिनिटांनी सगळ्या वर्गाला उभं करायचं काहीतरी काढा, उभं राहून उत्तर देणं, वह्या वाटणं, फळ्याकडे येणं. कितीही चांगली खुर्ची असली तरी तासन् तास न हलता बसण्यासाठी शरीर बनलेलंच नाही.

14. शाळा नवीन काही घेणार नाही. आहे त्या बेंचवर काय करता येईल?

बरंच. बेंच उंच असेल तर पायाखाली लाकडी फळी किंवा ठोकळा, न घसरणारा आणि दोन्ही पावलं पूर्ण मावतील एवढा. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, हे आधी करा. सीट खोल असेल तर पाठीमागे घट्ट उशी, मऊ नको, मऊ दबून जाते. सीट बुटकी असेल तर दोन-तीन सेंमीचा कडक फोम, पण मग डेस्कपर्यंतचं अंतर परत मोजा, एक बदललं की दुसरं बदलतं. मांडी घासणारा कप्पा काढून टाका. बेंच फार उंच आणि पाय लाकडी असतील तर सुताराकडून कापून घेता येतात, पण चारही पाय एकाच मापाने, आणि सीट-डेस्क दोन्ही.

15. उंची बदलता येणारं फर्निचर घ्यावं का?

घ्यावं, पण एका अटीवर, की ती उंची कोण बदलणार हे आधी ठरलंय. पाना आणि नट-बोल्ट लागणारी डेस्कं आली त्या दिवशी जशी होती तशीच पाच वर्षांनी दिसतात. हाताने फिरवता येणारा दांडा किंवा खटका असेल आणि पायावर आकडे कोरलेले असतील तरच ती वापरली जातात. बोटं चिमटू नयेत म्हणून खटका मुलांच्या हाताबाहेर आहे का तेही बघा.

16. उभं राहून वापरायचे डेस्क आणि बसायचे मोठे बॉल कसे वाटतात?

उभ्या डेस्कमुळे बसण्याचा वेळ कमी होतो, हा खरा फायदा. वजन कमी होईल वगैरे आशा धरू नका, उभं राहण्यात बसण्यापेक्षा थोडीच जास्त ऊर्जा जाते. वर्गात मागच्या ओळीत दोन-चार ठेवा आणि ज्याला पाहिजे त्याने जाऊन उभं राहावं. बॉलला पाठ नसते, माप नसतं, गडगडतो. एखाद्या मुलासाठी थेरपिस्टने सांगितला असेल तर वेगळं.

17. बेंचमुळे मणका वाकडा होतो का?

मणक्याला बाजूला बाक येतो, स्कोलिओसिस म्हणतात तो, त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार किशोरवयात दिसतो आणि त्याचं नेमकं कारण माहीत नाही, पण तो वाकडं बसल्यामुळे किंवा दप्तरामुळे होत नाही. तेव्हा स्वतःला किंवा शाळेला दोष देत बसू नका, एक खांदा वर किंवा वाकल्यावर पाठीची एक बाजू फुगलेली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. चुकीच्या बेंचमुळे होतं ते पाठ-मान-खांदे दुखणं, आणि त्यात सुद्धा झोप, हालचाल, ताण हे सगळं मिसळलेलं असतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवीवर ताबा न राहणं असं काही असेल तर फर्निचर मोजत बसू नका, आधी दवाखाना.

18. लॅपटॉप किंवा टॅब वापरताना मापं बदलतात का?

डेस्कची बदलत नाहीत, स्क्रीनची बदलते. लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड चिकटलेले असल्यामुळे एक बरोबर केलं की दुसरं चुकतं. रोज बराच वेळ वापर असेल तर स्क्रीन पुस्तकांच्या चळतीवर आणि कीबोर्ड वेगळा. टॅब उभा करायला स्टँड द्या, सपाट ठेवला की मान पूर्ण खाली जाते.

19. मुलगी डावखुरी आहे, खुर्चीला उजवीकडे लिहायची फळी आहे.

मग तिला दर वेळी अंग पिळून लिहावं लागतं, हे खरंच वाईट आहे. दहातलं साधारण एक मूल डावखुरं असतं, म्हणजे 40 च्या वर्गात तीन-चार डाव्या फळीच्या खुर्च्या पाहिजेतच. नसतील तर तिला सपाट टेबल द्या. जोडबेंचवर बसत असेल तर डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही.

20. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी?

नुसतं उंच टेबल देऊन भागत नाही. खाली गुडघ्यांना मोकळी जागा, आडवा दांडा नाही, आणि चाकांना रुंदी पाहिजे. अमेरिकेतल्या प्रवेशयोग्यतेच्या नियमांत मोठ्या माणसांसाठी टेबलाचा पृष्ठभाग साधारण 71 ते 86 सेंमी आणि खाली गुडघ्यांना निदान 68.5 सेंमी उंची सांगितलीय, मुलांसाठी त्याच्या त्याच्या खुर्चीच्या हातांची उंची मोजूनच ठरवा. उंची बदलणारं टेबल (प्रश्न 15) इथे खरंच कामाचं. आणि ते दाराजवळच्या कोपऱ्यात एकटं नको, मित्रांच्या ओळीत ठेवा.

21. वर्षभर बरोबर बेंच असतो, पण परीक्षेला भलत्याच वर्गात बसवतात आणि तीन तास तिथेच.

सगळ्यात जास्त वेळ न हलता बसायचं ते याच दिवशी, आणि याच दिवशी बेंच परका. आसनव्यवस्था लावणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की छोट्या वर्गातल्या खोल्यांत मोठी मुलं बसवू नका, उलटही नको. पायाखालच्या दहा-बारा फळ्या प्रत्येक खोलीत ठेवायला काही अडचण नसते. आणि मुलाला सांगा, बेल व्हायच्या आधी बसून बघ, गुडघे अडकत असतील किंवा पाय पोचत नसतील तर तेव्हाच हात वर कर, पेपर सुरू झाल्यावर नाही.